३९ डॉलर ६० सेंट : जुन्या हॉलिवूडमधल्या श्रीमंत घरच्या मुली आणि त्यांचं प्रेम

सोनटक्का

लेकीची परीक्षा संपली म्हणून परवा आम्ही दोघींनी 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) पाहिला. माझी चौथी खेप, तिची पहिली. सिनेमा संपल्यावर तिने विचारलेला प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

(पुढे रसभंग आहे. नव्वद वर्षं जुन्या सिनेमाचा रसभंग होत असेल तर माफी.)

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. एली अँड्र्यूज ही बड्या बापाची लेक. बापाच्या मर्जीविरुद्ध किंग वेस्टली नावाच्या एका छानछोकी वैमानिकाशी लग्न करून बसलीये. बाप तिला मायामीजवळ स्वतःच्या बोटीवर अडकवून ठेवतो. ही बया समुद्रात उडी टाकते, पोहत किनारा गाठते आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये बसते. बसमध्ये भेटतो नुकतीच नोकरी गेलेला वार्ताहर पीटर. तो तिला ओळखतो आणि म्हणतो, तुझी कहाणी मला दे, मी तुला नवऱ्याकडे पोचवतो. पुढे काय होतं ते शेंबडं पोरही सांगेल.

लेकीचा प्रश्न शेवटाबद्दल होता. बापाने मुलगी शोधून देणाऱ्याला १० हजार डॉलरचं बक्षीस लावलेलं असतं. गैरसमज होऊन एली घरी परत गेलेली, वेस्टलीशी पुन्हा थाटामाटात लग्न ठरलेलं. आणि पीटर बापाकडे जातो ते बिल घेऊन! रोख खर्च ८.६०, ओव्हरकोट १५, सुटकेस ७.५०, हॅट ४, तीन शर्ट ४.५०. एकूण ३९ डॉलर ६० सेंट. प्रवासात या मुलीपायी गेलेल्या वस्तूंचा हिशेब. बक्षिसाला हातही लावत नाही. लेक म्हणाली, "आई, इतकं प्रेम आहे तर हा पैसे मागायला कशाला गेला? आणि मागायचेच तर दहा हजार का नाही?"

मी म्हटलं, अगं, हीच तर त्याची प्रेमाची कबुली. ती म्हणाली, "म्हणजे श्रीमंत मुलीवर प्रेम करायचं तर आधी पावती दाखवायची?"

तर मुद्दा असा. १९३०-४० च्या दशकात हॉलिवूडने श्रीमंत मुलींच्या प्रेमाचे विनोदी सिनेमे भरभरून काढले. गरीब मुलगी आणि राजबिंडा मालक या नेहमीच्या साच्याच्या बरोबर उलटे. इथे पैसा तिच्याकडे, गाडी तिच्याकडे, आणि बऱ्याचदा पुढाकारही तिचाच. मला हे सिनेमे अतिशय आवडतात. पण दर वेळी या मुलीला 'धडा' का शिकवायचा असतो? आणि खरोखर कोणती नायिका आपली श्रीमंती ओलांडून पलीकडे जाते? लिहा आपापली मतं.

चहाबाज

पहिला मीच! रुमाल टाकून ठेवतो. 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है के मानता नहीं' (१९९१) हे दोन्ही याच्यावरूनच, हे वेगळं सांगायला नकोच.

पेन्शनर

चहाबाज, रुमालच टाकलात की काही लिहिणार? 'चोरी चोरी'चं नाव निघालं म्हणून लिहितो. राज कपूर आणि नर्गिस यांचा नायक-नायिका म्हणून हा शेवटचा सिनेमा. त्याच वर्षीच्या 'जागते रहो'त ती अगदी शेवटी येते, पण ती जोडीची भूमिका नव्हे. 'ये रात भीगी भीगी' ऐकताना हे डोक्यात असेल तर गाणं वेगळंच लागतं. आमच्या घरी ही रेकॉर्ड होती. वडील एरवी नाट्यसंगीताखेरीज काही लावत नसत, पण ही लावायचे.

धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर सवडीने देतो.

तिसरी घंटा

सोनटक्का, धागा झकास. लेकीला दाद द्या.

माझं मत जरा कडू आहे. मला हा सिनेमा 'माज उतरवण्याचा' वाटतो. मोजा: सुरुवातीलाच बोटीवर बाप तिच्या थोबाडीत मारतो. ओढा ओलांडताना पीटर तिला खांद्यावर घेतो आणि वर चापटी देतो. शेवटी तोच पीटर तिच्या बापाला सांगतो की हिला रोज एक ठेवून देणारा नवरा हवा. आणि बाप खूश! सासरा-जावयाचं जुळतं कशावर, तर पोरगी डोक्यावर बसलीये यावर.

मधल्या वाटेवरही तेच. तिने बसमध्ये चॉकलेट घ्यायचं म्हटलं की हा विक्रेत्याला परत पाठवतो. डोनट कॉफीत बुडवायचा कसा, लिफ्ट मागायची कशी, सगळ्याचं शास्त्र हाच शिकवणार. लिफ्टच्या प्रसंगात ती पाय दाखवून गाडी थांबवते तेवढाच काय तो तिचा गुण. बाकी परीक्षक तोच.

पण हे चाललं का, त्याला काळाचं कारण आहे. १९३३ मध्ये अमेरिकेत साधारण चारातला एक कामकरी बेकार होता. तिकिटाला पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला श्रीमंत बापाची मुलगी कच्ची गाजरं खाताना पाहायची होती. त्याला तिच्याशी लग्नही करायचं होतं आणि तिला जमिनीवरही आणायचं होतं. पीटर दोन्ही करतो.

कोकणकडा

लिफ्टच्या प्रसंगाची गंमत माहितीये का? एली झालेली क्लॉडेट कोल्बेर पाय दाखवायला तयार नव्हती. मग दिग्दर्शक फ्रँक काप्राने दुसरी मुलगी आणली. तिचे पाय पाहून कोल्बेर म्हणाली, हे माझे पाय म्हणून दाखवणार? हटा, मीच करते. काप्राच्या आत्मचरित्रात आहे हा किस्सा. आत्मचरित्रातले किस्से चिमूटभर मीठ लावूनच खावेत, तरी चविष्ट आहे.

तिला मुळात हा सिनेमाच करायचा नव्हता. ५० हजार डॉलर द्या आणि ४ आठवड्यांत मोकळं करा, या अटीवर आली. पीटर झालेल्या क्लार्क गेबलला त्याच्या एमजीएम कंपनीने कोलंबिया या दुसऱ्या कंपनीला उसना दिलेला. म्हणजे दोघंही नाखुशीची. आणि बक्षिसं किती? चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा, पाचही मोठी ऑस्कर. तसं पुन्हा व्हायला १९७५ चा 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' यावा लागला. कोल्बेर तर समारंभाला जायच्याऐवजी गाडी पकडायला स्टेशनवर गेली होती. तिथून तिला उचलून आणलं, प्रवासाच्याच कपड्यांत बक्षीस घेऊन ती परत गेली.

गेबलने शर्ट काढल्यावर आत बनियन नव्हता म्हणून अमेरिकेत बनियनचा खप कोसळला, हे मात्र कोणी इथे चिकटवू नका. आकडे कोणाकडेच नाहीत त्याचे.

चहाबाज

@कोकणकडा, अरेरे. तेच टंकत होतो.

सोनटक्का

@तिसरी घंटा, थोबाडीत मारण्याबद्दल वाद नाही, ते पाहताना आम्ही दोघीही कसनुश्या झालो. पण 'माज उतरवणे' एवढंच असतं तर त्यानेही काही गमावलं नसतं. त्याचा कोट गेला, हॅट गेली, फुशारकीही गेली. अंगठा दाखवून गाड्या कशा थांबवायच्या यावर तो व्याख्यान देतो आणि एकही गाडी थांबत नाही.

आणि ती चादर! एका खोलीत राहावं लागतं म्हणून मध्ये दोरी बांधून त्यावर ब्लँकेट टाकायचं, त्याला 'जेरिकोची भिंत' म्हणायचं. बायबलमधली ती तुताऱ्या फुंकल्यावर पडलेली भिंत. ती ओलांडून शेवटी कोण येतं? एली. "मला तुझ्याबरोबर यायचंय" असं तीच म्हणते, आणि तो गडबडतो. १९३४ सालच्या नायिकेने हे आपण होऊन म्हणावं, मला तर यात धडा-बिडा दिसत नाही.

शिवाय बसमधली ती बाई आठवते? भुकेने बेशुद्ध पडते आणि तिचा मुलगा रडायला लागतो. या दोघांकडचे पैसे त्या पोराच्या हातात जातात. तिथून पुढे एलीला पहिल्यांदा खिसा रिकामा असणं म्हणजे काय ते कळतं. हा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा असेल-नसेल, पण त्याच्याशिवाय गाजरं नुसती गंमत राहिली असती.

जर्सीकर काकू

इथे रात्रीचे दोन वाजलेत, पण राहवत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. श्रीमंती ओलांडते कोण? उत्तर : जवळजवळ कोणीच नाही. हॉलिवूड हातचलाखी करतं.

'माय मॅन गॉडफ्री' (१९३६) घ्या. माझा सर्वांत लाडका. न्यूयॉर्कमधले श्रीमंत लोक पार्टीत खेळ खेळतायत, अमुक-तमुक वस्तू शोधून आणायच्या. यादीत एक 'विसरलेला माणूस', म्हणजे बेकार भणंग. दोघी बहिणी नदीकाठच्या उकिरड्यावर असा माणूस शोधायला येतात. थोरलीला तो राखेच्या ढिगात ढकलतो, धाकटी आयरीन मात्र त्याला घेऊन जाते, खेळ जिंकते आणि बटलर म्हणून घरीच ठेवते. मग त्याच्या प्रेमात पडते. आणि काय पडते! आयरीन झालेली कॅरोल लोम्बार्ड सोफ्यावर लोळते, रडते, खोटी मूर्च्छा येऊन पडते. तो तिला कपड्यांसकट शॉवरखाली उभी करतो, तर ही नाचत सुटते की गॉडफ्रीचं माझ्यावर प्रेम आहे म्हणून!

पण हा गॉडफ्री निघतो बोस्टनच्या खानदानी घराण्यातला. प्रेमभंगाने उकिरड्यावर आलेला. म्हणजे पाहा, प्रेक्षकाला अडीच आण्यात क्रांती दाखवली आणि शेवटी पत्रिका जुळलेलीच निघाली. उकिरड्यावरचे बाकीचे लोक तिथेच. त्यांना काम मिळतं ते गॉडफ्री त्याच जागी नाइट क्लब काढतो म्हणून, आणि क्लबचं नाव काय, तर 'द डम्प'.

तरी शेवट मला प्रचंड आवडतो. आयरीन थेट त्याच्या दारात, आणि लग्न लावायला शहराचा महापौर. त्याला काही विचारत नाही. सरळ उभा राहा, मिनिटभरात उरकेल, असं सांगून लग्न लावून मोकळी. इंजेक्शन द्यायच्या आधी नर्स सांगते ना, तस्सं.

जाता जाता, गॉडफ्री झालेला विल्यम पॉवेल आणि लोम्बार्ड हे खऱ्या आयुष्यातले नवरा-बायको होते. १९३३ मध्ये घटस्फोट झालेला. आणि या भूमिकेला तीच हवी हा आग्रह पॉवेलचा!

भटक्या खवीस

काकू, दंडवत. 'पत्रिका जुळलेलीच निघाली' हे कोरून ठेवायला हवं.

याच हातचलाखीचा कळस म्हणजे 'द फिलाडेल्फिया स्टोरी' (१९४०). सगळे डोक्यावर घेतात, मला डोक्यात जातो. ट्रेसी लॉर्डचं दुसरं लग्न उद्यावर आलंय. घरात तीन पुरुष : घटस्फोट झालेला पहिला नवरा, खाणीतून वर आलेला होणारा नवरा, आणि मासिकासाठी बातमी करायला आलेला गरीब लेखक. यात कष्टाने वर आलेला माणूस नेमका कोत्या मनाचा आणि कंटाळवाणा दाखवलाय. गरीब लेखक तिला लग्नाचं विचारतो, ती गोड शब्दांत नकार देते. आणि वरमाला कोणाच्या गळ्यात? पहिल्याच नवऱ्याच्या, ज्याला खानदानी बोटी बांधण्यावाचून काम नाही. श्रीमंत श्रीमंताच्या घरी, आणि गरिबाने जाताना एक सुंदर भाषण ठोकून जायचं.

आणि तो बाप! स्वतः नाचणाऱ्या बाईच्या मागे गेलेला, आणि मुलीला ऐकवतो की तू प्रेमळ असतीस तर मी भरकटलो नसतो. हे ऐकून घरातल्या घरात चप्पल फेकली मी. टीव्ही वाचला.

तिसरी घंटा

बापाच्या भाषणाबद्दल शंभर टक्के सहमत. ते कुठल्याच चौकटीत बसवून गोड करता येत नाही.

पण या सिनेमाची पडद्यामागची गोष्ट पडद्यावरच्या गोष्टीच्या बरोबर उलटी आहे, ती सांगायलाच हवी.

१९३८ मध्ये अमेरिकेतल्या स्वतंत्र थिएटरमालकांनी जाहिरात दिली की अमुक नट-नट्या म्हणजे तिकीटबारीवरचं विष. ग्रेटा गार्बो, जोन क्रॉफर्ड, मार्लीन डीट्रिच, फ्रेड अ‍ॅस्टेअर आणि आपली ट्रेसी, म्हणजे कॅथरीन हेपबर्न. हेपबर्न स्वतः सुखवस्तू डॉक्टरची मुलगी. बोलणं ठसक्यातलं, पॅन्ट घालायची, वार्ताहरांना उभं करायची नाही. लोकांना ती शिष्ट वाटायची. तिने काय केलं? आरकेओ या सिनेमा कंपनीचा करार पैसे भरून सोडवला आणि पूर्वेला घरी निघून आली. फिलिप बॅरी या नाटककाराने तिच्यासाठीच हे नाटक लिहिलं. १९३९ मध्ये ब्रॉडवेवर ते तुफान चाललं. सिनेमाचे हक्क उद्योगपती हॉवर्ड ह्यूजने विकत घेऊन तिला दिलेले होते. मग ती एमजीएमकडे गेली ती नोकरी मागायला नव्हे, माल विकायला. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर तिच्या पसंतीचा, सहनट कोण याबद्दलही तिचा शब्द.

आता सुरुवातीचा प्रसंग आठवा. संवाद नाही. ती नवऱ्याची गोल्फची काठी गुडघ्यावर मोडते, तो तिचा चेहरा तळव्याने ढकलून तिला आडवी करतो. लोकांना हेपबर्न पडलेली पाहायची होती. तिने ते ओळखलं आणि पहिल्याच मिनिटाला पडून दाखवलं, हक्क स्वतःच्या पर्समध्ये ठेवून.

म्हणून मला ट्रेसी लॉर्डचा राग येतो आणि हेपबर्नचं कौतुक वाटतं. एकाच वेळी. ऑस्कर मात्र गरीब लेखक झालेल्या जेम्स स्ट्युअर्टला मिळालं. तिचं गेलं जिंजर रॉजर्सकडे, तेही 'किटी फॉइल'मधल्या नोकरी करणाऱ्या मुलीच्या भूमिकेसाठी!

सोनटक्का

@तिसरी घंटा, 'हक्क पर्समध्ये ठेवून' वाचून लेकीने टाळी दिली. हे मला निम्मंच ठाऊक होतं.

कोकणकडा

थोडं अभ्यासू अवांतर. स्टॅन्ली कॅव्हेल नावाचे हार्वर्डमधले तत्त्वज्ञ. त्यांनी १९८१ मध्ये या जातीच्या सात सिनेमांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, हे प्रेमाचे नव्हेत, पुनर्विवाहाचे सिनेमे आहेत. जोडपं जुळवायचं नाही, तुटलेलं पुन्हा जुळवायचं. भटक्या खवीसची चीडचीड कमी होईल अशी आशा नाही, पण त्या चष्म्यातून ट्रेसी पहिल्या नवऱ्याकडे परत जाते त्याला वेगळा अर्थ येतो. मला पुस्तक अर्धं झेपलं. उरलेलं अर्धं कोणाला झेपलं असेल तर धागा काढा.

भटक्या खवीस

चीडचीड कमी झाली नाही. :)

पेन्शनर

आता सवड झाली.

पोरीने पुढाकार घ्यायचा आणि पुरुषाने पळायचं, हे वाचताना मला सारखा आपला 'ब्रह्मचारी' आठवतोय. साल १९३८, म्हणजे 'ब्रिंगिंग अप बेबी' या बिबट्याच्या इंग्रजी सिनेमाचंच साल. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. औदुंबर हा पठ्ठ्या भाषण ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो, घरातली सुंदर बायांची चित्रं फेकून देतो, दंड-बैठका काढतो. आणि मीनाक्षीची किशोरी येऊन त्या शपथेचे तीनतेरा वाजवते. पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी खेळू खेळ कन्हैया' म्हणत. त्या काळात केवढा गहजब झाला होता म्हणून सांगू! म्हणजे मला वडिलांनी सांगितलं, मी तेव्हा जन्मलो नव्हतो.

किशोरीच्या हाती इस्टेट-बंगल्यांचा जोर नाही, जोर आहे धीटपणाचा. पण एक फरक बघा. अत्र्यांनी टिंगल केली ती पुरुषाच्या शपथेची. तिला कोणी जमिनीवर आणत नाही. उतरवायचं ते औदुंबरालाच, त्याच्या शपथेवरून.

जर्सीकर काकू

काका, क्या बात! 'ब्रह्मचारी' आणि 'ब्रिंगिंग अप बेबी' एका वर्षीचे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. दोन्हीकडे तोच खेळ की! तिकडे कॅरी ग्रँट डायनोसॉरचा सांगाडा जुळवत बसलेला शास्त्रज्ञ, एक हाड यायचं राहिलंय, उद्या एका रुक्ष बाईशी लग्न. त्याचं ब्रह्मचर्य म्हणजे ते हाड. हेपबर्नची सुसान त्याची गाडी पळवते, कपडे लपवते, गडी बायकी झालरीचा गाऊन घालून दार उघडतो. सोबत गाणं ऐकल्याशिवाय न ऐकणारा पाळीव बिबट्या. आणि कुत्रा ते हाड पुरून टाकतो.

सुसानला कोणी धडा शिकवत नाही. एकदाही नाही. ती शेवटपर्यंत तशीच. संग्रहालयासाठी हवे असलेले दहा लाख डॉलर तिच्याच हाती येतात, ती द्यायला जाते आणि अख्खा सांगाडा खाली आणते. आपटला तो सिनेमा तेव्हा. आता कळतं का आपटला? प्रेक्षकांना ती पडलेली पाहायची होती आणि पडला डायनोसॉर.

तिसरी घंटा

@जर्सीकर काकू, _/\_

माझ्या पहिल्या प्रतिसादातलं निम्मं मागे घेते. निम्मंच.

ओसरी

बरेच दिवस नुसती वाचक आहे, पहिलाच प्रतिसाद. 'हॉलिडे'चं (१९३८) नाव कोणीच कसं घेतलं नाही?

पुन्हा हेपबर्न, कॅरी ग्रँट आणि क्यूकर. मूळ नाटकही त्याच फिलिप बॅरीचं, १९२८ चं, आणि गंमत म्हणजे त्या मूळ नाटकात हेपबर्न मुख्य नटीच्या जागी ऐनवेळी उभी राहायला ठेवलेली राखीव नटी होती. जॉनी केस हा स्वतःच्या हिमतीवर वर आलेला मुलगा. सेटन घराण्यातल्या ज्युलियाशी त्याचं ठरतं. त्याचं म्हणणं, थोडे पैसे साठलेत, आता तरुण आहे तोवर सुट्टी घेतो, आपण कशासाठी राबतोय ते शोधतो, मग परत येऊन काम करीन. सासऱ्याला हे ऐकून घाम फुटतो. तो म्हणतो, बँकेत ये. ज्युलियाही बापाच्याच बाजूची. आणि तिची बहीण लिंडा, जी त्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या लहानपणीच्या खोलीतच काय ती मोकळा श्वास घेते, ती मनातल्या मनात जॉनीवर जीव लावून बसलेली. बहिणीचं लग्न मोडू नये म्हणून गप्प.

शेवटी ज्युलियाच्या तोंडून निघतं की तो गेला ते सुटल्यासारखं वाटतंय. त्या क्षणी हेपबर्नचा चेहरा बघा. बापाला चार शब्द सुनावून ती बोट गाठायला निघते. एक दारू पिणारा भाऊ आहे, त्यालाही ये म्हणते, तो येऊ शकत नाही. तो मागे राहतो हे मला सर्वांत लागलं. माझ्या माहेरच्या मोठ्या घरात असा एक काका होता.

सोनटक्का ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते लिंडा. ती ओलांडते. तिला कोणी पावती दाखवत नाही की थोबाडीत मारत नाही. दार उघडं होतं, ती गेली.

सोनटक्का

@ओसरी, इतके दिवस वाचक का राहिलात? लिहीत जा हो. 'हॉलिडे' मी पाहिलेला नाही, या शनिवारी नक्की.

चहाबाज

'रोमन हॉलिडे' राहिला की!

कोकणकडा

चहाबाज, तिथे राजकन्या शेवटी परत राजवाड्यात जाते. या यादीत बसत नाही. वेगळा धागा काढा, रुमाल मी टाकतो.

भटक्या खवीस

मूळ मुद्द्यावर. काल चिडून परत 'इट हॅपन्ड वन नाइट' लावला. ३९.६० चा चेक बाप खरंच लिहून देतो हे विसरलो होतो. आणि मग लग्नाच्या मंडपात लेकीला हाताला धरून नेताना कानात तेच सांगतो की त्याने बक्षीस नाकारलं, मागच्या दाराशी गाडी उभी आहे, पळ. ती बुरखा उडवत पळते. सोनटक्काच्या लेकीला सांगा, पावती एलीला पटवायला नव्हतीच. ती सासऱ्यासाठी होती.

सोनटक्का

सांगितलं. ती म्हणतेय, "मग वेस्टलीला लग्न मोडायला मोठी रक्कम, आणि याला ३९.६०. बापाला स्वस्तात पडला."

आणि पुढचा प्रश्न : शेवटी ती भिंत पाडायला त्यांनी खेळण्यातली तुतारी आणली, ती त्या चेकमधूनच का?

जर्सीकर काकू

दुसरं काय होतं त्याच्याकडे? कोट तर गेलेला!